बोरघाटाचा अभियंता : जेम्स जॉन बर्कली

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी कर्जतला थांबते आणि तिच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. प्रवासी वडापाव घेण्यात गुंतलेले असतात. थांबा कशासाठी आहे याचा विचार फारसा कोणी करीत नाही. त्या थांब्याचे मूळ एका इंग्रज अभियंत्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी केलेल्या एका निर्णयात आहे. त्या माणसाचे नाव जेम्स जॉन बर्कली. सोळा एप्रिलला दरवर्षी पहिल्या आगगाडीचे स्मरण होते, नाना शंकरशेटांचे नाव घेतले जाते (आणि ते घेतलेच पाहिजे). पण ज्याने ती वाट आखली, बांधली आणि जो त्या कामाच्या भारानेच अकाली गेला, त्याच्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. आम्ही वकिली पेशातले. पूल आणि बोगदे यांतले आमचे ज्ञान बेताचे. परंतु बर्कली यांची हकिकत जितकी खडकाची आहे तितकीच कराराची, मजुरीची आणि कायद्याचीही आहे, आणि त्या बाजूने ती सांगणे आम्हांस शक्य आहे.

आधी नावाचा प्रश्न. मराठी माणूस त्या घाटाला बोरघाट म्हणतो. इंग्रजी दफ्तरात त्याचा ‘भोर घाट’ झाला आणि पुढे अनेक मराठी पुस्तकांतही तेच रूप शिरले. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील भोर संस्थानाशी या घाटाचा काही संबंध असावा असा समज होतो. वास्तविक दोहोंमध्ये अंतर बरेच आहे. त्याच दफ्तरात ठाण्याचे ‘टॅना’, कल्याणचे ‘कॅलियन’ आणि खोपोलीचे ‘कँपूली’ झालेले दिसते. ज्यांच्या गावांच्या नावांना कागदोपत्री असे विकृत रूप मिळाले आहे अशा सीमाभागातील वाचकांना याचे नवल वाटणार नाही. गंमत अशी की ‘घाट’ हा शब्द मात्र इंग्रजांनी जसाच्या तसा उचलला आणि डोंगर चढून जाण्याच्या वाटेचे हे नाव संपूर्ण सह्याद्रीला देऊन टाकले. मराठीत घाट म्हणजे वाट; इंग्रजीत घाट म्हणजे पर्वत. बर्कली यांच्या वाट्याला आलेले काम नेमके या दोन अर्थांच्या मधले होते: पर्वतातून वाट काढण्याचे.

त्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात. त्या काळी अभियंता घडे तो मुख्यतः उमेदवारीने. एखाद्या नामवंत अभियंत्याच्या हाताखाली काही वर्षे राबावे, नकाशे काढावे, मोजणी करावी, आणि मग स्वतंत्र काम मिळावे. १८३९ पासून बर्कली यांना जॉर्ज पार्कर बिडर आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडे अशी उमेदवारी लाभली. रॉबर्ट हे वाफेच्या इंजिनाच्या इतिहासातील प्रसिद्ध जॉर्ज स्टीफन्सन यांचे चिरंजीव आणि स्वतः त्या पिढीतील अग्रगण्य रेल्वे अभियंते. गुरूचा शिष्यावर इतका विश्वास बसला की १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला हिंदुस्थानात पाठविण्यासाठी मुख्य निवासी अभियंता हवा झाला, तेव्हा स्टीफन्सन यांनी बर्कली यांचे नाव सुचविले. वय तिशीचे. १८५० च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले.

ही कंपनी कोणत्या पायावर उभी होती हे समजून घेणे अगत्याचे आहे. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ती स्थापन झाली आणि त्याच महिन्यात तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. भागधारकांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी या करारात होती. रेल्वेला नफा होवो वा न होवो, व्याज मिळणारच. तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे रयतेच्या सारापट्टीतून भरली जाणार. करार वाचण्याची सवय असलेल्या कोणालाही यातील असमतोल पहिल्या वाचनातच दिसेल. लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस स्वस्तात आणि वेळेवर हवा होता, ही या उद्योगामागची मोठी प्रेरणा. मुंबईकर धनिकांनाही रेल्वे हवी होती; नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी १८४५ पासूनच तिच्यासाठी खटपट केली होती. बर्कली यांना या राजकारणाशी कर्तव्य नव्हते. त्यांना एवढेच सांगण्यात आले होते की मुंबई बेटावरून निघून सह्याद्री ओलांडायचा आहे.

पहिला टप्पा सोपा होता असे म्हणता येत नाही, पण तो पुढच्या मानाने खेळच. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर २१ मैल. शीव-कुर्ल्याच्या बाजूची दलदल आणि खाडीलगतची चिखलट जमीन यांवर भराव टाकून मार्ग नेला. १६ एप्रिल १८५३ रोजी सुमारे चारशे पाहुण्यांसह चौदा डब्यांची गाडी सुटली, एकवीस तोफांची सलामी झाली, हे सर्वश्रुत आहे. दुसऱ्या वर्षी ठाण्याची खाडी ओलांडून मार्ग कल्याणला पोचला. लोकांनी या नव्या वाहनाला आगगाडी म्हटले. आगबोट आधीच रूढ होती; आगपेटी सोबतीला आली. परकी वस्तू दाराशी येताच तिला स्वतःच्या धातूंतून नाव घडविण्याची मराठीची ही ताकद त्या पिढीत केवढी होती! मडगावच्या गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले. या शहराचा असा साद्यंत वृत्तांत मराठीत प्रथम लिहिणारा लेखक मूळचा गोव्याचा, ही गोष्ट गोमंतकातील आमच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी.

कल्याणपुढे मात्र सह्याद्रीची भिंत उभी होती. कोकणातून देशावर जायचे तर दोन हजार फुटांच्या आसपास चढणे भाग, आणि तो चढ तुटलेल्या कड्यांचा. कंपनीच्या प्रारंभीच्या आराखड्यात माळशेज घाटाला महत्त्वाचे स्थान होते. एकाच घाटाने वर चढावे आणि मग दख्खन व वऱ्हाड अशा दोन्ही बाजूंना फाटे काढावेत, अशी ती कल्पना. कागदावर ती मोहक दिसते. बर्कली यांनी आणि त्यांच्या साहाय्यकांनी प्रत्यक्ष मोजणी करून ती बाजूला सारली. एकाऐवजी दोन घाट घ्यावेत असा निष्कर्ष त्यांनी काढला: ईशान्येकडे थळ घाट, ज्याला आपण आज कसारा घाट म्हणतो, आणि आग्नेयेकडे बोरघाट. खर्च दुप्पट, पण दोन्ही मार्ग चालण्याजोगे. मोजणीची ही कामे कड्यांच्या पोटातून चालत. काही जागी माणसाला उभे राहण्यापुरती कडसुद्धा नव्हती आणि दोराने खाली सोडल्याखेरीज खुंटी ठोकता येत नसे.

या एका निर्णयाने किती गावांचे भाग्य ठरले! इगतपुरी, कर्जत, लोणावळा यांना रूप आले. माळशेजच्या माथ्यावरचे जुन्नर मात्र रेल्वेविना राहिले. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटाने कोकणाशी व्यापार करणारे ते जुने नगर आजही लोहमार्गाच्या नकाशावर नाही. थळ घाटाच्या मार्गाने पुढे भुसावळ, नागपूर, जबलपूर आले आणि खांडव्याहून होळकरांच्या द्रव्यसाहाय्याने इंदूरला लोहमार्ग गेला. बोरघाटाच्या मार्गाने सोलापूर आले, १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासकडून येणारा लोहमार्ग मिळाला, आणि वाडीहून निजामाच्या राज्यातील फाटा हैदराबादला पोचला. इंदूरचा मराठी माणूस पुण्याच्या आप्तांकडे लग्नाला येऊ लागला तो थळ घाट उतरून आणि बोरघाट चढून. हैदराबादचा आला तो थेट देशावरून, पण मुंबई गाठायची तर त्यालाही बोरघाट उतरणे भागच होते. बडोदेकरांची वाट निराळी, किनाऱ्याकाठची, घाटाविना. आमच्या बेळगावला लोहमार्ग यायला मात्र १८८० चे दशक उजाडले. तो आणणाऱ्या कंपनीचे नाव होते सदर्न मराठा रेल्वे. या मुलखाला तेव्हाचे राज्यकर्ते काय म्हणत याचा हा पुरावा कोणाही वकिलाला सहज नाकारता येणार नाही. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

बोरघाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. चढाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलोमीटर. एवढ्या अंतरात १,८३१ फूट चढायचे. सरासरी चढ सुमारे ४६ फुटांस एक फूट, आणि सर्वांत तीव्र जागी ३७ फुटांस एक फूट. या आकड्यांचा अर्थ तुलनेने कळतो. रॉबर्ट स्टीफन्सन यांनी लंडन-बर्मिंगहॅम मार्ग बांधताना ३३० फुटांस एक फूट याहून अधिक चढ सहसा येऊ नये असा कटाक्ष ठेवला होता. इंग्लंडमधील मुख्य मार्गांवरचा सर्वांत तीव्र दीर्घ चढ लिकी येथील. तोही जवळपास ३७ फुटांस एक फूट, पण त्याची लांबी जेमतेम दोन मैल. बर्कली यांनी गुरूच्या दंडकापासून किती दूर जाण्याचे धाडस केले हे यावरून दिसते. तीव्र चढावर माथ्याशी स्थिर इंजिन बसवून दोरखंडाने डबे ओढून घेण्याची रीत त्या काळी माहीत होती. ती न स्वीकारता सर्व चढ गाडीच्या इंजिनानेच चढायचा असे येथे ठरले.

खंडाळ्याजवळ एका ठिकाणी डोंगराने वळायलाच जागा ठेवली नव्हती. तेथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ची युक्ती योजली. गाडी एका अरुंद सपाटीवर येऊन थांबे, इंजिन पुढून सुटून मागच्या टोकाला लागे, आणि जी गाडी आतापर्यंत ज्या तोंडाने चढली ती आता उलट्या तोंडाने पुढचा चढ चढू लागे. नागमोडी घाटरस्त्यावर बैलगाडी वळण घेते. येथे वळण न घेता दिशाच बदलायची. थळ घाटातही अशीच योजना होती. उतारावर ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच तर ती वर चढणाऱ्या आडमार्गावर वळवून थांबवावी, हीही व्यवस्था केलेली होती. विसाव्या शतकात नवे बोगदे खोदून ही उलटापालट बंद झाली, तोवर सुमारे पासष्ट वर्षे पुण्याचा प्रत्येक प्रवासी अर्धा घाट सुलट आणि अर्धा उलट चढत होता.

बोरघाटात पंचवीस बोगदे झाले आणि आठ मोठे कमानपूल. खडक काळा, कठीण. एरवी लांब बोगदा खणताना डोंगराच्या माथ्यावरून मध्ये मध्ये विहिरी पाडून अनेक तोंडांनी काम करता येते. येथे माथे इतके उंच आणि कडे इतके तुटलेले की बहुतेक जागी दोन्ही टोकांकडूनच सुरुंग लावीत आत शिरावे लागले. कड्याच्या माथ्यावरून दोराने सोडलेली माणसे लोंबकळत पहारीने भोके पाडीत, दारू ठासत आणि वर ओढली जात. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ थांबे. थळ घाट त्या मानाने लहान: नऊ मैलांहून थोडा अधिक चढ, ९७२ फूट उंची, तेरा बोगदे, पण तेथील एहेगावचा पूल दरीच्या तळापासून सुमारे १८० फूट उंचीवर गेला.

मधल्या काळातील एक मौज सांगण्याजोगी आहे. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली आणि जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा टप्पा सुरू झाला. मधला घाट मात्र बाकी. त्यामुळे सुमारे पाच वर्षे प्रवाशाने खोपोलीला आगगाडीतून उतरावे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून, अथवा पायी, मालकमच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झालेला घाटरस्ता चढावा, आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसावे. एकाच प्रवासात दोन युगे.

आता कामगारांकडे वळू. हाताला काम असे त्या दिवसांत बोरघाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे एका वेळी राबत होती. कोकणातले आणि देशावरचे कुणबी, महार, दगड-मातीच्या कामात पिढीजात निष्णात असलेले वडार, तेलंगणाकडचे कामाठी. वडार आपसांत तेलुगूचे एक रूप बोलतात; म्हणजे घाटाच्या उतारावर मराठी, तेलुगू, हिंदुस्थानी आणि मुकादमांच्या तोंडची मोडकी इंग्रजी अशा भाषा एकत्र नांदत होत्या. बायका आणि मुलेही मातीच्या पाट्या वाहत. तात्पुरत्या झोपड्या, उघड्यावरचे पाणी आणि उन्हाळा यांमुळे पटकीच्या साथी येत आणि तळच्या तळ ओसाड होत. बोगद्यांची लांबी यार्डांत मोजून ठेवली गेली. माणसांची मोजदाद तशी झाली नाही.

आणि येथे कराराचा प्रश्न येतो. बोरघाटाचे काम विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे दिले होते. मुंबई-ठाणे मार्गाच्या कामातही तो होता. मुंबईत कंत्राटदार, जुन्या मराठीत मक्तेदार, मराठवाड्यात आणि आमच्याकडे गुत्तेदार. शब्द तीन, प्राणी एकच. मोठा गुत्तेदार काम लहान गुत्तेदारांना वाटून देतो, ते मुकादमांना देतात, मुकादम मजुरांना आगाऊ उचल देऊन गावाहून आणतो. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा थोडा अडकतो. जानेवारी १८५९ मध्ये बोरघाटातील मजुरांचा संयम संपला. मजुरी थकली होती, किंवा ठरल्याहून कमी मिळत होती. काठ्या आणि दगड घेऊन ते गोऱ्या देखरेखदारांवर धावून गेले. त्या दंग्यात एका युरोपियनाचा जीव गेला. सरकारने चौकशी केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च १८५९ मध्ये, फेव्हिएलने काम सोडले आणि पुढचे काही महिने बर्कली यांच्या हाताखालच्या कंपनीच्या अभियंत्यांनाच ते थेट चालवावे लागले.

सरकारच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, मजुरीचा तंटा लवकर मिटविण्याची सोय नसेल तर सार्वजनिक कामे धोक्यात येतात. मजुराने दिवाणी न्यायालयात जायचे म्हणजे स्टँप, वकील, तारखा. तोवर तो गावी परतलेला असणार किंवा पटकीने गेलेला. दुसरी गोष्ट अशी की उचल घेऊन पळणारा मजूर मालकाला नको असतो. पहिल्या जाणिवेतून १८६० चा नववा अधिनियम आला: रेल्वे, कालवे व अन्य सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांचे मजुरीविषयक तंटे दंडाधिकाऱ्याने संक्षिप्त चौकशी करून निकालात काढावेत. बोरघाटासारखे प्रसंग या कायद्यामागे होते. कामगाराला तातडीचा न्याय मिळावा, या अर्थाने या देशातील औद्योगिक कायद्यांच्या अगदी आरंभीचा हा कायदा. परंतु त्याच कायद्यात करार मोडणाऱ्या मजुराला गुन्हेगार ठरविण्याची सोयही होती. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५९ च्या तेराव्या अधिनियमाने, उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची वाट मोकळी करून दिली होती. मजुरी न देणारा मालक दिवाणी ऋणको. काम न करणारा मजूर फौजदारी आरोपी. एकाच कराराच्या दोन पक्षांना दोन निरनिराळी न्यायालये! कोणताही विधिज्ञ असा करार समतोल मानणार नाही. तेरावा अधिनियम रद्द व्हायला १९२५ साल उजाडले, म्हणजे त्याने सहासष्ट वर्षे मळ्यांवर, कारखान्यांत आणि कामांवर राज्य केले.

या सर्वांत बर्कली कोठे उभे होते? दंग्याला ते व्यक्तिशः जबाबदार होते असे आम्ही म्हणणार नाही. मजुरी देणे कंत्राटदाराचे काम होते. परंतु काम मोठ्या तुकड्यांत एकाच इंग्रज कंत्राटदाराला देण्याच्या पद्धतीतला दोष त्यांना दिसत होता. लहान लहान ठेके देशी माणसांना द्यावेत, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी आचरणातही आणले. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने या मार्गाचे एकापेक्षा अधिक विभाग बांधले आणि त्याचे काम इंग्रज कंत्राटदारांच्या तोडीचे ठरले. १८५० च्या दशकात, १८५७ च्या उठावानंतरच्या कडवट वातावरणातसुद्धा, एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याने देशी माणसाच्या कौशल्यावर असा व्यावहारिक विश्वास टाकणे ही सामान्य गोष्ट नव्हे. बर्कली लिहीतही असत, आणि लिहिलेले लोकांसमोर वाचीत. मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी डिसेंबर १८५७ मध्ये बोरघाटावर आणि डिसेंबर १८६० मध्ये थळ घाटावर निबंध वाचले. लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढेही १८६० मध्ये त्यांचा हिंदी रेल्वेवरील प्रबंध मांडला गेला. काम चालू असतानाच त्याचा हिशेब लोकांपुढे ठेवण्याची ही सवय आमच्या काळच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांना लागली असती तर वकिलांचे बरेच काम कमी झाले असते.

फेव्हिएलनंतर काम सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने घेतले. तो १८५९ च्या उत्तरार्धात मुंबईला आला आणि आल्यापासून महिन्याभराच्या आतच आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने करार सोडला नाही. बर्कली यांच्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या ॲडॅमसन आणि क्लाउजर या दोन अभियंत्यांना तिने व्यवस्थापक नेमले आणि पतीच्या नावावरचे कंत्राट पुरे करून दाखविले. त्या काळच्या इंग्लंडात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे करार करण्याचेही पूर्ण स्वातंत्र्य नव्हते; विधवा म्हणून ते तिला मिळाले, आणि तिने ते एका डोंगराएवढ्या कामावर वापरले. घाटाच्या बांधकामाची तिने घेतलेली छायाचित्रेही मागे राहिली आहेत.

बर्कली यांची प्रकृती तोवर ढासळली होती. अकरा वर्षे उन्हात, पावसात, तंबूत आणि दफ्तरात. १८६१ मध्ये त्यांना मुंबई कायमची सोडावी लागली. २५ ऑगस्ट १८६२ रोजी सिडनहॅम येथे ते निवर्तले. वय ४२. गुरू रॉबर्ट स्टीफन्सन तीन वर्षांपूर्वी गेले होते. आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बोरघाटाच्या मार्गाचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. ज्याने तो आखला तो नव्हता. ज्याने कंत्राट घेतले तो ट्रेडवेल नव्हता. आणि ज्यांनी सुरुंग लावले त्यांतले किती उरले होते कोणास ठाऊक. थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला.

त्यांच्या कीर्तीला एक डाग लागायचा होता. बोरघाटातील एक मोठा कमानपूल, इंग्रजी कागदांतला ‘म्हाऊ-की-मल्ली’, जुलै १८६७ मध्ये ऐन पावसाळ्यात कोसळला. पन्नास पन्नास फुटांच्या आठ कमानी. सुदैवाने गाडी त्यावर नव्हती. मग चौकशा झाल्या, मार्गावरील इतर पुलांचे दगडकाम तपासण्यात आले आणि अनेक ठिकाणी ते निकृष्ट आढळून पुन्हा बांधावे लागले. दगडांच्या दर्शनी थरामागे भर नीट भरलेला नव्हता. घाईचे काम, हमीचे व्याज आणि पोटगुत्तेदारी एकत्र आली म्हणजे दगडकाम असेच होते. देखरेखीचा दोष बर्कली यांच्या विभागाकडेही जातो, आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण मार्गाची आखणी टिकली. पूल पुन्हा बांधता येतो. चुकीच्या घाटातून नेलेला मार्ग पुन्हा आखता येत नाही. आजही मुंबईतून देशावर जाणाऱ्या जुन्या दोन्ही लोहमार्गांनी सह्याद्री ओलांडायची ठिकाणे तीच आहेत.

त्यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीच्या परीक्षेसाठी जेम्स बर्कली पारितोषिक ठेवण्यात आले. मुंबई इलाख्यातला विद्यार्थी अभियंता होण्यासाठी तेव्हा पुण्याच्या सायन्स कॉलेजात येई. बेळगाव, धारवाड, कारवारचाही, कारण हे जिल्हेही त्याच इलाख्यात होते. म्हैसूर संस्थानातून आलेला एक गरीब विद्यार्थी तेथे शिकत होता. १८८३ च्या परीक्षेत पहिला येऊन त्याने बर्कलीच्या नावाचे ते पारितोषिक मिळविले, आणि पुढच्या वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशकात रुजू झाला. त्या विद्यार्थ्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.